सुईआधीचे तीन दिवस

(प्रस्तावना)

तोंड वाकडं होण्याचा आजार बहुतेकदा सकाळी उठल्यावर लक्षात येतो. चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळतं. चहाचा घोट तोंडात धरवत नाही, घास गालात साचून राहतो. घरातलं कुणीतरी दचकून बघतं, आरसा हातात येतो आणि दिसतं की अर्धा चेहरा हलतोय, अर्धा ढिम्म. त्या बाजूच्या कपाळाला आठी पडत नाही. डोळा मिटायला गेलं तर पापणी अर्ध्यावर थांबते, बुबुळ वर सरकतं आणि नुसता पांढरा भाग दिसत राहतो. नीट विचारलं तर रुग्ण सांगतो, कालपासून कानामागे ठणकत होतं, जिभेच्या एका बाजूला चव नव्हती, मिक्सरचा आवाज नको नको वाटत होता.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कापूरहोळनंतर किकवी लागते. भोर तालुक्यातली आणि आता राजगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेल्ह्याच्या डोंगरातली माणसं एसटीने, वडापने या हमरस्त्याला येतात आणि इथून पुण्याला नाहीतर शिरवळला जातात. इथे दवाखाना चालवणाऱ्याला हा चेहरा अनोळखी राहत नाही. रुग्ण दवाखान्यात पोचण्याआधी गावाने निदान केलेलं असतं : "वारं गेलंय." सल्लेही तयार असतात. एक म्हणतो, देवऋषाला दाखवा. दुसरा म्हणतो, गाडी करा आणि थेट पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिसरा हळूच सांगतो, अमक्या गावात एक जण सुया टोचतात, महिन्याच्या आत तोंड सरळ होतं, माझ्या मेहुणीचं झालं.

हे पुस्तक या तिसऱ्या सल्ल्याविषयी आहे. मेहुणीचं तोंड सरळ झालं, यात खोटं काही नाही. ते सुईमुळे झालं का, सुई नसती तरी झालं असतं का, आणि सुईच्या भरवशावर राहून हातातलं काही निसटलं का, हे तीन प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ते विचारायचे तर आधी आजाराचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण इथे उपचाराच्या वादातला निम्मा गोंधळ आजाराच्या स्वभावातून येतो.

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस दोन्ही बाजूंना एकेक असते. मेंदूतून निघाल्यावर ती कानाजवळच्या हाडातल्या वळणदार नळीतून जाते, कानाच्या पाळीमागे बाहेर पडते आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पसरते. हाडातली ही नळी सर्वांत चिंचोळ्या ठिकाणी एक मिलिमीटरहूनही अरुंद असते. तिथे नसेला सूज आली की तिला फुगायला जागा नसते. सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशी ती आवळली जाते आणि तिचे संदेश थांबतात. सूज कशाने येते याचं सर्वांत भक्कम उत्तर एका जुन्या विषाणूकडे बोट दाखवतं. ओठांवर जर उठवणारा हा नागिणीच्या जातीतला विषाणू लहानपणीच शरीरात शिरून नसेच्या गाठीत दडून बसतो. १९९६ साली मुराकामी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत, १४ पैकी ११ रुग्णांमध्ये या विषाणूची खूण सापडल्याचं प्रसिद्ध केलं. तरी प्रत्येक रुग्णात कारण हातात येतंच असं नाही. कारण सापडत नाही, तेव्हा या लकव्याला वैद्यकात ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात.

हा आजार दुर्मीळ नाही. दर लाख वस्तीत वर्षाला साधारण २० ते ३० जणांना तो होतो. भोर आणि वेल्हे मिळून वस्ती दोन लाखांच्या पुढे आहे. म्हणजे या डोंगरपट्ट्यातच वर्षाला पन्नासेक माणसं एखाद्या सकाळी आरशासमोर घाबरून उभी राहत असणार. मधुमेह असलेल्यांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतल्या बायकांना धोका अधिक.

घाबरण्याचं खरं कारण वेगळं आहे. मेंदूतल्या झटक्यानेही तोंड वाकडं होतं आणि तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. दोन्हींतला फरक बऱ्याचदा कपाळावर दिसतो. कपाळाला दोन्हीकडून आठ्या पडत असतील आणि फक्त तोंडाचा कोपरा ओघळला असेल, किंवा जोडीला हातापायातली ताकद गेली असेल, बोलणं बोबडं झालं असेल, तोल जात असेल, तर तो झटका समजून तडक मोठं रुग्णालय गाठावं. कपाळासकट अख्खी एक बाजू बंद आणि बाकी शरीर ठणठणीत असेल, तर ती बहुधा नसेची सूज. बहुधा एवढ्यासाठी, की हा निवाडा घरी करायचा नसतो. कानात किंवा कानाभोवती पाण्याचे फोड असतील तर ती नागीण; जेम्स रॅम्से हंट यांनी १९०७ मध्ये वर्णन केलेला हा प्रकार अधिक हट्टी असतो आणि त्याला विषाणूविरोधी औषध लागतं. कानाचा जुना फुटवा, जबड्यामागची गाठ, डोक्याला लागलेला मार यांनीही नस बंद पडते. सुई हातात घेणाऱ्याला हे सगळं ओळखता आलं पाहिजे, नाहीतर ओळखणाऱ्याकडे आधी पाठवता आलं पाहिजे.

आता स्वभावाचा मुख्य भाग. कोपनहेगनमध्ये पाइटरसन नावाच्या डॉक्टरांनी २५ वर्षं अशा रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि २००२ मध्ये त्या मांडल्या. त्यांत बेल्स पाल्सीचे १,७०१ रुग्ण होते आणि त्यांना कुठलंही औषध दिलेलं नव्हतं. तरीही ८५ टक्के लोकांमध्ये तीन आठवड्यांच्या आत हालचाल परतू लागली आणि ७१ टक्के लोकांचा चेहरा पूर्ववत झाला. उरलेल्यांत कमीजास्त खोट राहिली. ठळक खोट सुमारे ४ टक्क्यांत.

या आकड्यांपुढे थोडं थांबायला हवं. दहातले सात जण काही न करता पूर्ण बरे होतात. मग त्यांनी अंगारा लावला असेल, कानात तेल सोडलं असेल, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेतली असतील किंवा सुया टोचून घेतल्या असतील, श्रेय त्या त्या उपचाराला जातं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते आणि कावळ्याचं नाव पंचक्रोशीत होतं. हा दोष एकट्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांचा नाही. पदवीधर डॉक्टरही आपल्या चिठ्ठीतल्या जीवनसत्त्वाला हेच श्रेय बिनदिक्कत देत आलेले आहेत, मीही त्याच पंगतीतला. म्हणून या आजारात ‘किती बरे झाले’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कुठल्याही उपचाराने आपल्या आपण बरे होणाऱ्यांपेक्षा किती जास्त बरे केले, एवढंच मोजण्यासारखं असतं.

या कसोटीला आजवर एक औषध नीट उतरलं आहे. स्कॉटलंडमध्ये सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी ५५१ रुग्णांवर केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षण दिसल्यापासून ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दहा दिवस दिलं, तेव्हा तीन महिन्यांनी ८३ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. न घेणाऱ्यांत ६३.६ टक्के. नऊ महिन्यांनी हेच आकडे ९४.४ आणि ८१.६ होते. नुसत्या विषाणूविरोधी गोळीने फायदा दिसला नाही. औषध जुनं, स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं. पण ते मधुमेही, रक्तदाबाचा, क्षयाचा रुग्ण पाहून, डॉक्टरच्या देखरेखीतच द्यायचं असतं आणि त्याची वेळ तीन दिवसांत सरते. या पुस्तकाचं सूत्र एका वाक्यात सांगायचं तर ते हेच : या आजारात सुई चालते की नाही याइतकाच, सुई कितव्या दिवशी आणि कशाच्या जोडीने येते हा प्रश्न मोठा आहे.

माणसाला हा आजार ठाऊक नव्हता असा काळ बहुधा नसावा. आपल्याकडे चरक-सुश्रुतांनी त्याला अर्दित म्हटलं आणि वातव्याधींत घातलं, जरी त्यांच्या अर्दितात आजचे मेंदूच्या झटक्याचे रुग्णही येतात. सुश्रुताने हा कुणाला होतो हे सांगताना गर्भिणी, बाळंतीण, लहान मूल, वृद्ध आणि रक्तक्षयाने खंगलेला माणूस यांची नावं घेतली आहेत. गर्भिणीविषयीचं निरीक्षण आजच्या वैद्यकालाही मान्य आहे. डोळ्याची उघडझाप थांबलेला किंवा तीन वर्षं मुरलेला अर्दित बरा होत नाही, असंही त्याने बजावलं आहे. चरकाचा उपचार नाकात औषध, डोक्यावर तेल, वाफेचा शेक, पुरचुंडी आणि पोषण असा. दहाव्या शतकाच्या सुमारास इराणी वैद्य अल-राझी यांनी चेहऱ्याच्या लकव्याचं वर्णन केलं. १८२१ मध्ये स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञ चार्ल्स बेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या नसांचं काम उलगडून दाखवलं आणि आजाराला त्यांचं नाव चिकटलं.

चीनमध्ये साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘लिंगशू’ या ग्रंथात तोंड वाकडं होण्यावरचा उपचार आहे आणि तो मजेशीर आहे. ताणल्या गेलेल्या बाजूला घोड्याची चरबी चोळायची, सैल पडलेल्या बाजूला दारूत कालवलेली दालचिनी लावायची, तुतीच्या लाकडाच्या आकड्याने ओठाचा कोपरा ओढून धरायचा आणि रुग्णाला चांगलंचुंगलं खाऊपिऊ घालायचं. सुईचं शास्त्र सांगणाऱ्या ग्रंथातच हा मामला असा लेप-मालिशीने सोडवलेला आहे. चेहऱ्यावरच्या बिंदूंची बांधणी पुढच्या शतकांत होत गेली. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी यांनी बिंदूंची सूत्रबद्ध मांडणी केली. १०२७ च्या सुमारास वांग वेइयी यांनी शिक्षणासाठी बिंदू कोरलेले काशाचे पुरुषभर पुतळे ओतवले. कारणमीमांसेत मात्र चिनी वैद्य, आपला आयुर्वेद आणि पहाटेच्या एसटीत खिडकीशी बसू नको म्हणणारी भोरची आजी, सगळ्यांचं एकमत दिसतं : दोष वाऱ्याचा.

ही विद्या चीनमध्ये अखंड मानाने नांदली असंही नाही. १८२२ मध्ये सम्राट दाओग्वांगच्या काळात राजवैद्यांच्या संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर काढून टाकलं गेलं. १९२९ मध्ये तर एकूणच पारंपरिक वैद्यकावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला. तिचं आजचं रूप बरंचसं विसाव्या शतकात घडलेलं आहे. छंग दानआन यांच्यासारख्यांनी शरीररचनाशास्त्राशी जुळवून बिंदू नव्याने मांडले, जाड सुयांच्या जागी बारीक सुया आणल्या. १९४९ नंतर डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या देशाने तिला सरकारी आश्रय दिला. १९७१ मध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांनी बीजिंगमधल्या आपल्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर घेतलेल्या सुयांविषयी लिहिलं आणि पश्चिमेत कुतूहलाची लाट उठली.

महाराष्ट्राचा या कहाणीशी धागा सोलापुरातून जोडला जातो, पण तो सांगतात तसा सरळ नाही. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, ते १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघालं. डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि बंगालचे डॉ. बासू व डॉ. मुखर्जी. कोटणीस तिथेच राहिले, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने ते घराघरांत पोचले. त्यांचं नाव लावणारी अ‍ॅक्युपंक्चरची रुग्णालयं देशात आहेत, त्यामुळे कोटणिसांनीच ही विद्या आणली असा समज पसरला. कोटणीस शल्यचिकित्सक होते. सुई आणली ती त्यांचे सहकारी डॉ. बिजॉय कुमार बासू यांनी. ते १९५८-५९ मध्ये पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्याला परतून त्यांनी उपचार व शिक्षण सुरू केलं. पुढे कोलंबोत डॉ. अँटन जयसूर्य यांच्याकडे जाऊन भारतातल्या अनेकांनी प्रशिक्षण घेतलं. कोरियाच्या पार्क जे वू यांची हातापायावर दाब देणारी सुजोक पद्धतही आपल्याकडे मुरली.

त्यामुळे ‘अ‍ॅक्युपंक्चरवाला’ ही पाटी वाचून आत शिरणाऱ्याला कुठली विद्या भेटेल, हे ठरलेलं नसतं. ढोबळ पाच घराणी सांगता येतील. चिनी पारंपरिक घराणं नाडी आणि जीभ पाहून ‘ची’च्या वाहिन्यांचा विचार करतं आणि सुई टोचल्यावर जडपणा, बधिर दुखणं, सुरसुरी जाणवली पाहिजे असा आग्रह धरतं. जपानी घराण्याची सुई अधिक बारीक, टोचणं उथळ; सतराव्या शतकातल्या अंध सुगियामा वाइची यांच्यापासून रूढ झालेल्या नळीतून ती अलगद आत सोडतात. फ्रान्समधल्या पॉल नोजिये यांनी १९५० च्या दशकात मांडलेलं घराणं सगळं शरीर कानाच्या पाळीवर पाहतं. चौथं सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडतं. पाचवं, पाश्चात्त्य वैद्यकीय, वाहिन्यांची भाषा सोडून देऊन नसा, स्नायू आणि मेंदूतून स्रवणाऱ्या वेदनाशामक द्रव्यांच्या भाषेत बोलतं. आपल्याकडचे बहुतेक उपचारक यांतलं थोडं थोडं घेऊन मिसळ करतात. त्यात वावगं नाही, फक्त आपण काय मिसळतो आहोत हे त्यांना ठाऊक हवं.

चेहऱ्याच्या लकव्यात प्रत्यक्ष काय होतं, हे एकदा जवळून पाहावं. रुग्ण उताणा झोपतो. त्वचा स्पिरिटने पुसली जाते. वेष्टण फोडून काढलेली एकदाच वापरायची स्टीलची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, भरीव, औषधाविना. इंजेक्शनच्या सुईपुढे अगदीच किडकिडीत. भुवईच्या वर कपाळावर एक, ओठाच्या कोपऱ्याशी एक, जबड्याच्या कोनाजवळ दात आवळल्यावर फुगणाऱ्या स्नायूत एक, आणि कानाच्या पाळीमागच्या खळग्यात एक. हा शेवटचा यीफंग बिंदू नेमका तिथे आहे, जिथून चेहऱ्याची नस हाडातून बाहेर पडते. काही जण ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या दिशेला कातडीखालून सुई आडवी सरकवतात. शिवाय हातावर, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागात हेगू. तोंड आणि चेहऱ्याच्या कुठल्याही तक्रारीला चिनी वैद्य पहिला हात घालतो तो इथे. गरोदर बाईला मात्र परंपरेने तो टाळतात. सुया वीस-तीस मिनिटं ठेवतात, आठवड्यातून काही वेळा, काही आठवडे. पहिल्या आठवड्यात चेहऱ्याला हात लावावा की दूरच्या बिंदूंवरच थांबावं, दुखऱ्या बाजूला टोचावं की चांगल्या, यावर चिनी उपचारकांतही एकवाक्यता नाही. विजेच्या वापराबद्दल सावध राहणारे अधिक, कारण परतणाऱ्या नसेला जोरकस झटके दिले तर तिच्या फांद्या चुकीच्या स्नायूंकडे वळतात अशी त्यांना भीती वाटते. तसं झालं की माणूस हसायला गेला तर डोळा मिटतो, जेवायला बसला तर डोळ्यातून पाणी येतं.

पुरावा काय सांगतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७९ च्या यादीत, सुईने उपचार करता येण्याजोग्या ४३ तक्रारींत, चेहऱ्याचा ताजा लकवा होता. संघटनेच्या पुढच्या आढाव्यात, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बेल्स पाल्सी पहिल्या नाही तर दुसऱ्या गटात आली : परिणाम दिसतो, पण अजून पुरावा हवा. दवाखान्याच्या भिंतीवर यादी टांगली जाते तेव्हा ही गटवारी गाळली जाते. कोक्रेन या नामांकित गटाने २०१० मध्ये सहा प्रयोग आणि ५३७ रुग्ण तपासले आणि प्रयोगांचा दर्जा इतका कच्चा आढळला की निष्कर्षच काढता येत नाही असं म्हटलं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेने स्टेरॉइडची ठाम शिफारस केली. अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूने वा विरुद्ध शिफारस करता येत नाही असं नमूद केलं. त्याच वर्षी चीनमधल्या रुग्णालयांतला ३३८ रुग्णांचा एक प्रयोग कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. सुई फिरवून जडपणाची संवेदना आणलेल्यांचे चेहरे सहा महिन्यांनी नुसती सुई ठेवलेल्यांपेक्षा चांगले आढळले. निष्कर्ष लक्ष वेधणारा आहे. पण दोन्ही गटांना सुया होत्या आणि दोन्ही गटांना स्टेरॉइडही होतं. तो प्रयोग सुईची एक रीत दुसरीपेक्षा बरी एवढं सांगतो, स्टेरॉइड सोडून सुई घ्या असं मुळीच सांगत नाही.

चांगला प्रयोग करणं इथे अवघडही आहे. साखरेची गोळी खरी म्हणून देता येते. खोटी सुई देणं कठीण. टोक कातडीला टेकून मागे सरकणारी नाटकी सुई १९९८ मध्ये जर्मनीत श्ट्राइटबर्गर यांनी बनवली, पण टोचणाऱ्याला तर सगळं माहीत असतंच. शिवाय अनेक जुन्या चिनी प्रयोगांत ‘थोडा फरक’ पडलेलेही यशात मोजले आहेत, आणि जो आजार आपल्या आपण सुधारतो त्यात थोडा फरक पडत नाही असा माणूस विरळा. माझं मत असं, की सुईच्या बाजूने दार बंद झालेलं नाही, विशेषतः महिने उलटूनही चेहरा न परतलेल्या रुग्णांसाठी. पण उघड्या दाराला सिद्ध झालेला रस्ता म्हणून विकू नये.

मग हे पुस्तक आताच का? एक कारण कायद्याचं आहे. केंद्र सरकारने २००३ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला नोंदणीकृत वैद्य आणि प्रशिक्षितांनी वापरायची उपचाररीत म्हणून मान्यता दिली. २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धतीचा दर्जा दिला. पश्चिम बंगालने १९९६ मध्येच कायदा केला होता. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने राज्याची अ‍ॅक्युपंक्चर परिषद आणि उपचारकांची नोंदणी आणली. म्हणजे आता नोंदणी विचारण्याचा हक्क आहे आणि उत्तर देण्याची जबाबदारीही. पण कायदा परिषद आणि अभ्यासक्रम देतो, पुरावा देत नाही. मान्यता म्हणजे गुणाची पावती, असा अर्थ लावण्याची घाई दोन्हीकडून होते आहे.

दुसरं कारण अंतराचं. वेल्ह्याच्या वरच्या गावातून निघालेला माणूस भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा पुण्यात पोचेपर्यंत एक दिवस मोडतो. भात लावणीच्या दिवसांत तर तोंड वाकडं झालेली बाई चिखलातून उठतच नाही. दुखत नाही, चालता येतं, मग बघू आठवड्याने. त्यात मोबाइलवर ‘सात दिवसांत तोंड सरळ’ म्हणणारे व्हिडिओ. या आठवड्यात दोन गोष्टी हातच्या जातात. एक, स्टेरॉइडची वेळ. दुसरी, डोळा. न मिटणारा डोळा कोरडा पडतो, त्यात धूळ आणि भाताचं कूस जातं, बुबुळाला जखम होते. चेहरा पुढे आपल्या आपण सरळ होतो, बुबुळावरचा पांढरा डाग मात्र राहतो. दिवसा डोळ्यात कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी, बाहेर जाताना चष्मा, एवढ्याने हे टळतं. अ‍ॅक्युपंक्चरच्या कितीतरी केंद्रांत याबद्दल चकार शब्द निघत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या ओपीडीतही तो घाईत राहून जातो.

तिसरं कारण रुग्णाच्या मनाचं. लग्न ठरलेली मुलगी, वर्गात उभा राहणारा शिक्षक, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा माणूस यांना तीन आठवडे थांबा म्हणणं सोपं नाही. डॉक्टर दोन मिनिटांत गोळ्या लिहून देतो. सुई टोचणारा अर्धा तास जवळ बसतो, रोज चेहरा निरखतो, काल भुवई हलत नव्हती आज हलली हे सांगतो. या वेळेची आणि लक्षाची किंमत आधुनिक वैद्यकाने कमी लेखली, म्हणूनही लोक तिकडे वळतात. हे निरीक्षण टोमणा म्हणून नव्हे, धडा म्हणून घ्यायला हवं.

या पार्श्वभूमीवर पुस्तकाचा बेत ठरला. यात एमबीबीएस आणि आयुर्वेदाचे डॉक्टर आहेत, नोंदणीकृत अ‍ॅक्युपंक्चर उपचारक आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, नेत्रतज्ज्ञ आहेत आणि ज्यांचा चेहरा परतला ते आणि ज्यांचा नाही परतला तेही आहेत. सगळ्यांना एकाच मुद्द्यावर सहमत करायचा प्रयत्न केलेला नाही; काही ठिकाणी शेजारशेजारचे लेख एकमेकांशी भांडताना दिसतील. अट एवढीच होती, की प्रत्येक रुग्णाच्या हकिकतीत लक्षण कोणत्या दिवशी दिसलं, पहिलं औषध कधी मिळालं, सुई कितव्या दिवशी सुरू झाली आणि चेहरा किती बंद होता हे लिहायचं. चेहऱ्याची स्थिती १९८५ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या हाउस-ब्रॅकमन यांच्या सहा पायऱ्यांत नोंदवायची. आणि अपयश लपवायचं नाही. एवढ्या साध्या नोंदींनीही ‘गुण आला’ या मोघम वाक्याला जरा हाडं मिळतात.

हे पुस्तक सुया टोचायला शिकवत नाही. बिंदूंची माहिती यात आहे ती रुग्णाला आणि डॉक्टरला समोर काय चाललं आहे हे कळावं म्हणून. ती वाचून कुणी घरी प्रयोग करू नये. सुई नवी आहे का, वेष्टण आपल्यासमोर फोडलं का, हे विचारायला रुग्णाने संकोचू नये, कारण पुन्हापुन्हा वापरलेल्या सुयांनी यकृताची सूज आणणारा विषाणू पसरल्याच्या घटना जगात घडलेल्या आहेत. जो उपचारक पहिल्या भेटीत ‘आज कितवा दिवस?’ असं विचारतो, गोळ्या बंद करायला सांगत नाही, डोळ्याची चौकशी करतो आणि तीन-चार महिन्यांत काहीच हालचाल नसेल तर पुढे पाठवतो, त्याच्याकडे जायला हरकत नाही. यांतलं काहीच न विचारता जो हमी देतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावं, मग त्याच्या हातात सुई असो, चिठ्ठी असो वा अंगारा.

वाचक निवांत असेल तर पानं कुठूनही उघडावीत. ज्याचं तोंड आज सकाळी वाकडं झालं आहे त्याने मात्र हे पुस्तक पुढच्या आठवड्यात वाचावं. आज पहिल्या गाडीने दवाखाना गाठावा.

किकवी, ता. भोर, जि. पुणे